रहाडीतला धप्पा, पण पाणी उडालंच नाही: एका फ्लेक्ससाठी बनवलेले ब्रश

काम वरवर साधं होतं. जुन्या नाशकातल्या एका चौकातल्या मंडळाला रंगपंचमीसाठी २० बाय १० फुटांचा फ्लेक्स हवा होता. त्यासाठी त्यांच्याकडे गेल्या वर्षीच्या रहाडीचा एकच बरा फोटो होता. फोटोत तीन पोरं एकापाठोपाठ धप्पा मारताहेत, म्हणजे रंगाच्या हौदात उडी टाकताहेत. पहिला मांड्यांपर्यंत रंगात गेलाय, दुसऱ्याचे पाय पाण्यापासून हातभर वर आहेत, तिसरा अजून काठ सोडतोय. चेहरे छान आलेत, मागच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. पाणी मात्र जवळजवळ जागच्या जागी. बटण क्षणभर आधी दाबलं गेलं आणि रंग उसळायच्या आत चित्र थांबलं. मंडळाच्या कार्यकर्त्याचं म्हणणं एवढंच: "दादा, रंग उडालेला दिसला पाहिजे, बाकी काही नको."

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. रहाड म्हणजे जमिनीत दगडांनी बांधलेला मोठा चौकोनी हौद. हे हौद पेशवेकाळापासूनचे सांगतात. वर्षभर ते लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेले असतात, वरून रहदारी चालू असते. रंगपंचमीच्या आधी उघडतात, पूजा होते, रंग कालवला जातो आणि मग लोक धप्पे मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. इथला गुलाबी. फ्लेक्सवर दुसरा रंग दिसला तर चौकातला शेंबडा पोरगाही बोट दाखवेल.

पहिला मसुदा नेमका इथेच फसला. डिझायनरने नेटवरून फोटोशॉपचा एक तयार 'होळी' ब्रशसंच उतरवला आणि तिन्ही पोरांच्या पायाखाली रंग उडवला. संच वाईट नव्हता, पण तो कोरड्या रंगाचा होता. गुलालाचे ढग, त्यात निळा, हिरवा, पिवळा. रहाडीत ओला रंग असतो आणि एकच असतो. दुसरी चूक त्याहून ठळक होती. ज्याचे पाय अजून पाण्याला लागलेले नाहीत त्याच्याभोवतीही कारंजं उडत होतं. पाणी आधी उसळतं आणि माणूस मागून पडतो, असं काही ते दिसत होतं. मंडळाला कारण सांगता आलं नाही, पण "खोटं वाटतंय" हे एका नजरेत कळलं.

म्हणून तयार संच बाजूला ठेवून तीन ब्रश नव्याने करायचे ठरले: पाण्याचा उसळलेला पडदा, थेंब आणि तुषार. तीन का, एकच मोठा 'स्प्लॅश' का नाही, ते पुढे येईल.

ब्रशच्या पोटात काय असतं

फोटोशॉपमधला स्वतः बनवलेला ब्रश म्हणजे करड्या छटांमधला एक ठसा. मूळ चित्रात जिथे काळं तिथे पूर्ण रंग उमटतो, पांढरं तिथे काहीच नाही, मधल्या करड्यावर त्या प्रमाणात पारदर्शक रंग. मूळ चित्राचे रंग ठशात जात नाहीत, रंग येतो तो तुम्ही निवडलेल्या फोरग्राउंड, म्हणजे पुढच्या, रंगातून. ठशाची सगळ्यात मोठी बाजू ५००० पिक्सेलपर्यंत चालते. नेहमीच्या गोल ब्रशचा 'हार्डनेस' इथे लागू पडत नाही, म्हणजे कडा किती मऊ हे ठसा बनवतानाच ठरवावं लागतं. नवशिक्यांचा वेळ बहुधा इथेच जातो. पॅनेलमध्ये हार्डनेस शोधत बसतात आणि तो बंद दिसतो.

ठसा तयार झाला की एफ५ दाबून 'ब्रश सेटिंग्ज' पॅनेलमध्ये त्याला चाल द्यायची. दोन ठशांतलं अंतर म्हणजे स्पेसिंग, इकडेतिकडे उधळणं म्हणजे स्कॅटरिंग, आकार आणि कोनातला फरक शेप डायनॅमिक्समध्ये, फिकट-गडदपणा ट्रान्सफरमध्ये, रंगातला फरक कलर डायनॅमिक्समध्ये. या सगळ्यांत जिटर (दर ठशाला आपोआप पडणारा फरक) नावाचा सरकदांडा असतो आणि तो जितका ओढावा तितकी विस्कळीत नैसर्गिकता येते अशी एक समजूत आहे. पाण्यासाठी ती चुकीची. पाण्याला वजन असतं, ते एका बिंदूतून बाहेर उडतं आणि खाली येतं. त्यामुळे कोणते जिटर बंद ठेवायचे हा निर्णय आधी घ्यावा, उरलेले मग हवे तसे खेळवावेत.

आधी फोटोचं गणित

पहिल्यांदा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. अशा फोटोतले पिक्सेल घटलेले असतात आणि कॅमेऱ्याची माहितीही उडालेली असते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवल्यावर ४००० बाय ३००० पिक्सेलची मूळ फाइल मिळाली. 'फाइल इन्फो' मध्ये शटर १/६० सेकंद दिसलं. उंच वाड्यांमधली बोळ, संध्याकाळची वेळ, ऊन कुठेच नाही, त्यामुळे फोनने शटर हळू केलं. पोरांच्या हातापायांची टोकं हलल्यासारखी दिसतात ती यामुळेच.

फ्लेक्सची फाइल आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे एका फुटाला एक इंच या मापात केली: २० बाय १० इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे ६००० बाय ३००० पिक्सेल. प्रत्यक्ष छपाईत एका फुटात ३०० पिक्सेल येतात, म्हणजे इंचाला २५. यातून एक फार सोयीचा हिशेब निघतो: या फाइलमधला १ पिक्सेल फ्लेक्सवर जवळजवळ १ मिलिमीटर. फोटोतलं पोराचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २२५ पिक्सेल भरलं, आणि माणसाचं डोकं साधारण २२ ते २३ सेंटिमीटर असतं. म्हणजे पोरं फ्लेक्सवर जवळपास खऱ्या मापाची आणि १ सेंटिमीटरला १० पिक्सेल.

आता थेंब. उसळी ८० सेंटिमीटर वर जाते असं धरलं तर पाण्यातून निघताना थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर असतो. १/६० सेकंदात तो साडेसहा सेंटिमीटर सरकतो. म्हणजे या फोटोत, पाण्याजवळचा थेंब गोल दिसणारच नाही, ६५ पिक्सेलची रेघ दिसेल. वर चढता चढता वेग घटतो. माथ्यापासून २० सेंटिमीटर खाली तो निम्मा होतो, रेघ ३३ पिक्सेलची. माथ्याशी थेंब क्षणभर थबकल्यासारखा असतो, तिथे तो गोलाकडे झुकतो. तयार ब्रशमधले थेंब १/२००० सेकंदाला गोठवलेले, काचेसारखे लख्ख. ते हललेल्या हातापायांशेजारी चिकटवल्यासारखे दिसणारच.

अंतराचाही हिशेब करून ठेवला. डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाइतकी वस्तू वेगळी ओळखता येते. ६० फुटांवर म्हणजे १८ मीटरवर ते ५ मिलिमीटर होतात. फ्लेक्स चौकात उंच लागणार, लोक तेवढ्या अंतरावरून बघणार. म्हणजे ५ पिक्सेलपेक्षा बारीक ठिपक्यांवर घालवलेला वेळ वाया. स्क्रीनवर १०० टक्क्यांवर झूम करून बारीक शिंतोडे टाकत बसण्याचा मोह या एका आकड्याने सुटतो.

पाणी गच्चीवर

मूळ ठसे फोटोवरूनच घ्यावेत. हाताने काढलेला पाण्याचा पडदा सहसा फुलाच्या पाकळीसारखा होतो.

गच्चीवर दुपारच्या उन्हात प्लास्टिकचा रुंद टब, खाली आणि चार फूट मागे काळं कापड. साधं पाणी काळ्यावर नीट दिसत नाही, म्हणून ५ लिटर पाण्याला पाव लिटर दूध घातलं. दूध जास्त झालं तर पाणी चुन्यासारखं अपारदर्शक होतं आणि पडद्याच्या पातळ भागातल्या करड्या छटा मरतात. ठशाचा जीव त्या छटांतच असतो. फोनच्या प्रो मोडमध्ये आयएसओ ५०, शटर १/४०००, आणि सलग फोटो घेण्याची सोय चालू. टबात विटेचा अर्धा तुकडा उंचावरून सोडायचा. ऊन बाजूने यावं, समोरून आलं तर पडदा सपाट दिसतो.

फोन कुठे धरायचा हे महत्त्वाचं. मूळ फोटो रहाडीच्या काठावर उभं राहून, छातीच्या उंचीवरून, किंचित खाली बघत घेतलेला होता. टबाचे फोटो पाण्याच्या पातळीला फोन टेकवून घेतले तर उसळी मुकुटासारखी सुंदर येते, पण मूळ चित्रात रहाडीचं तोंड वरून उघडं दिसतंय आणि त्यावर ती बसत नाही. तेव्हा टबाचं तोंड मूळ फोटोतल्या रहाडीइतकंच उघडं दिसेल असा कोन धरून फोटो घेतले.

आता तीन ब्रश का, ते. टबातली उसळी ३०-४० सेंटिमीटरची, आपल्याला ८० ची हवी. पडदा दुप्पट मोठा केला तर चालून जातं, पण त्याच्याबरोबर थेंबही दुप्पट होतात. खऱ्या मोठ्या उसळीत थेंब त्या प्रमाणात मोठे होत नाहीत. पृष्ठताण त्यांना काही मिलिमीटरांच्या आसपासच तोडतो. लिंबाएवढे थेंब दिसले की डोळा लगेच ओळखतो, हे बादलीतलं पाणी आहे. म्हणून टबाच्या फोटोतून फक्त पडदा घ्यायचा, त्यातले सुटे थेंब पुसायचे आणि थेंब वेगळ्या ब्रशने योग्य मापात टाकायचे.

पडदा

निवडलेला फोटो कापून घेतला, कंट्रोल-शिफ्ट-यू ने रंग काढला, कंट्रोल-आय ने उलटा केला. आता पांढऱ्यावर काळपट पाणी. मग कंट्रोल-एल ने लेव्हल्स (उजेड-अंधाराची मात्रा बदलणारी खिडकी) उघडून, ऑल्ट दाबून ठेवत उजवीकडचा पांढरा त्रिकोण आत सरकवला. ऑल्ट दाबलेला असताना पूर्ण पांढरं झालेलं क्षेत्र स्वच्छ दिसतं आणि उरलेली घाण उठून दिसते. हा त्रिकोण इथे २२० च्या आसपास थांबला. डावीकडचा काळा त्रिकोण फार हलवायचा नाही, पडद्याचा मधला भाग ४० ते ६० टक्के करडा राहिला पाहिजे. सगळं काळंपांढरं केलं तर ठसा उमटतो तो पोस्टर रंगाच्या डागासारखा, मागचं काही दिसत नाही.

सुटे थेंब आणि चारही कडांची ३०-४० पिक्सेल रुंद पट्टी कडक पांढऱ्या ब्रशने पुसली, लांब बाजू २४०० पिक्सेल ठेवली आणि 'एडिट' मेनूतून 'डिफाइन ब्रश प्रीसेट'.

या ब्रशला जिटर एकही नाही. तो ओढायचा नाहीच, प्रत्येक वेळी नवा लेयर (चित्राचा वेगळा थर) घेऊन एक क्लिक. मग कंट्रोल-टी आणि 'वॉर्प' ने त्या क्लिकला पोराच्या मांडीभोवती वळवायचं. डावी-उजवी बाजू वेगळी दिसावी म्हणून 'फ्लिप एक्स' चालतं. 'फ्लिप वाय' कधीच नाही, पाणी उलटं पडायला लागतं. खरं बघता एवढ्यासाठी ब्रशच हवा असं नाही. तोच फोटो वेगळ्या लेयरवर 'स्क्रीन' मोडमध्ये (यात काळं गळून उजळ तेवढं दिसतं) टाकूनही जमतं. ब्रशचा फायदा इतकाच की रंग हवा तो घेता येतो आणि काळी पार्श्वभूमी सांभाळावी लागत नाही.

पडदा फक्त पहिल्या पोराभोवती घातला. दुसऱ्याच्या पायाखाली पाण्यावर नुसती पहिल्याच्या उसळीची लाट. तिसऱ्याजवळ काहीच नाही.

थेंब

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

साधारण पद्धत अशी की पाच-सात थेंबांचा एक झुबका घेऊन त्याचाच ठसा करायचा. पटकन काम होतं, पण त्या झुबक्यात एक थेंब हमखास मोठा असतो आणि तो दर ठशाला त्याच शेजाऱ्यांसकट परत येतो. फ्लेक्सवर दहा फुटांत तीच जुळवणी आठ वेळा दिसली की नक्षी ओळखू येते. एकाच थेंबाचा ठसा करून बाकी गर्दी 'काउंट' ने (एका जागी किती ठसे पडावेत ते) आणली तर असं होत नाही.

दोन ठसे केले. गोल थेंब: ३०० बाय ३०० च्या फाइलमध्ये टबाच्या फोटोतला एक स्वच्छ थेंब मोठा करून, कडा गडद, मध्य ४०-५० टक्के करडा. असा ठसा आपोआप पाण्यासारखा पारदर्शक वाटतो, भरीव काळ्या ठिपक्याचा रंगाचा टिकला होतो. दुसरा ठसा रेघेचा. त्यासाठी त्याच थेंबाची छोटी प्रत घेऊन 'मोशन ब्लर' दिला, कोन शून्य, म्हणजे रेघ आडवी. कोन शून्यच हवा, कारण पुढे ब्रशला दिशा पाळायला सांगणार आहोत आणि 'डायरेक्शन' ही सोय ठशाची आडवी बाजू फटकाऱ्याच्या दिशेला लावते. उभी रेघ बनवली तर सगळे थेंब प्रवासाला आडवे उमटतात.

मोशन ब्लरने रेघ फार फिकट होते. १४ पिक्सेलचा थेंब ७० पिक्सेलभर पसरला की त्याचा गडदपणा पाचव्या हिश्शावर येतो. हे खरं तर बरोबर आहे, हलणारा थेंब कॅमेऱ्यातही फिकटच येतो. पण फ्लेक्सवर २० टक्क्यांची रेघ पुसून जाते, म्हणून लेव्हल्सने ती ५५-६० टक्क्यांवर आणली. पूर्ण काळी केली तर खिळे उधळल्यासारखं दिसतं.

रेघेच्या ब्रशची मांडणी अशी ठरली. आकार ६५ पिक्सेल, स्पेसिंग १५० टक्के. शेप डायनॅमिक्समध्ये साइज जिटर ३० टक्के, साइजचा कंट्रोल 'फेड', पायऱ्या १२, मिनिमम डायमीटर ५० टक्के, म्हणजे फटकारा पुढे जाईल तशी रेघ ६५ वरून ३३ पर्यंत आखूड होते. वर काढलेल्या हिशेबाशी हे जुळतं. फेडमधली एक पायरी म्हणजे ब्रशचा एक ठसा, त्यामुळे स्पेसिंग बदललं की फेडची लांबीही बदलते, हे लक्षात न आल्याने लोक गोंधळतात. कोनाचा कंट्रोल 'डायरेक्शन', अँगल जिटर ५ टक्के. हे टक्के ३६० अंशांचे असतात, तेव्हा ५ टक्के म्हणजे १८ अंशांचं इकडेतिकडे, त्याहून जास्त नको. स्कॅटर २५० टक्के, 'बोथ अ‍ॅक्सिस' चालू, काउंट २, काउंट जिटर ६०. ट्रान्सफरमध्ये ओपॅसिटी जिटर ३५.

फेड निवडण्यामागे एक साधं कारण आहे. बहुतेक फ्लेक्सच्या दुकानांत पेन टॅबलेट नसतो, माउसवर काम चालतं. 'पेन प्रेशर' निवडलं तर पॅनेल शेजारी इशाऱ्याचा त्रिकोण दाखवतं आणि माउसने परिणाम शून्य. फेडला पेन लागत नाही.

वापरताना माउस नेहमी पाण्याच्या पृष्ठभागापासून बाहेर आणि वर ओढायचा, पडद्याच्या कडेला लागून, पंख्यासारख्या आखूड फटकाऱ्यांनी. उलटं, बाहेरून आत ओढलं तर लांब रेघा वर आणि आखूड खाली येतात. नुसतं क्लिक करून दिशा मिळत नाही, थोडं तरी ओढावं लागतं.

गोल थेंब माथ्याशी. आकार १४, साइज जिटर ५०, मिनिमम डायमीटर ४०, म्हणजे सगळ्यात लहान थेंब साडेपाच पिक्सेलचा. पाचखाली जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. राउंडनेस जिटर २०, अँगल जिटर १००, इथे कोनाला अर्थ नसल्याने पूर्ण मोकळा. स्पेसिंग २००, स्कॅटर ६००, काउंट ३. हाही हात राखूनच. माथ्यावर थेंब विरळ असतात, गर्दी खाली असते.

कलर डायनॅमिक्स दोन्हींना सारखं: 'अप्लाय पर टिप' चालू, फोरग्राउंड-बॅकग्राउंड जिटर ३० टक्के, ब्राइटनेस जिटर ८, आणि ह्यू (मूळ रंगछटा) जिटर शून्य. ह्यू पाच टक्क्यांवर जरी नेला तरी जांभळे आणि लालसर थेंब डोकावतात आणि परत सात रंगांची होळी. फोरग्राउंडला लाल २१४, हिरवा ३६, निळा ११०. बॅकग्राउंडला त्याचाच गडद भाऊ, १५०-१८-७४.

तुषार, आणि चौकोनांचा भास

तुषाराला फोटो लागला नाही. ८०० पिक्सेलच्या पांढऱ्या चौकोनात मऊ कडांची लंबगोल निवड, 'रेंडर' मधले 'क्लाउड्स', लेव्हल्स, ठसा. फ्लो (एका ठशात किती रंग पडतो ते) ७ टक्के, स्पेसिंग २०, अँगल जिटर १००, स्कॅटर ८०. पडद्याच्या मागे आणि दुसऱ्या पोराच्या पायांखाली दोन-तीन फटकारे.

पहिल्या वेळी तुषारात अंधुक चौकोन दिसायला लागले. एका फटकाऱ्यात नाही, रंग साचत गेल्यावर. याचं कारण नेहमी एकच: ठशाची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी नव्हती. डोळ्याला पांढरी दिसणारी कडा २५५ ऐवजी २५० असेल तर प्रत्येक ठसा सगळ्या चौकोनात दोन टक्के रंग टाकतो. पूर्ण फ्लोला असे दहा ठसे एकमेकांवर पडले की तो १८ टक्क्यांवर जातो. फ्लो ७ असल्याने इथे वेळ लागला, एवढंच. 'इन्फो' पॅनेल उघडून चारही कोपऱ्यांवर कर्सर नेऊन २५५ वाचायचं, मगच ठसा करायचा. घाईत ही पायरी गाळली जाते आणि दोष ब्रशला लागतो.

बसवणं

पडद्याचा मुख्य रंग 'मल्टिप्लाय' (खालचं गडद करणारा मोड) वर, म्हणजे मागची दगडी भिंत त्यातून काळपट गुलाबी दिसते. त्यावर तोच ठसा फिकट गुलाबीने, २५५-१९०-२१५, 'स्क्रीन' वर, ओपॅसिटी ४० टक्के, आणि मास्कने (लेयरचा नको तो भाग झाकणारी सोय) फक्त वरची कड राखलेली. पातळ कड उजळ, दाट पोट गडद. पहिल्या पोराची निवड 'सिलेक्ट सब्जेक्ट' ने घेऊन अर्धा पडदा त्याच्या पाठीमागे गेला, अर्धा पुढे राहिला. पाणी माणसाच्या दोन्ही बाजूंना असल्याशिवाय तो त्यात आहे असं वाटत नाही.

चमकेचे पांढरे ठिपके घालायचा मोह आवरला. बोळीत ऊन नव्हतं, आकाशाचा मऊ उजेड होता. मोठ्या थेंबांना 'बेव्हल' दिला तो ४ पिक्सेल आकाराचा, हायलाइट ३५ टक्क्यांवर, 'ग्लोबल लाइट' काढून आणि कोन वरून ९० अंश. चकचकीत थेंब शीतपेयाच्या जाहिरातीत शोभतात.

शेवटी सगळ्या परिणामांच्या लेयरवर १ पिक्सेल 'गॉशियन ब्लर' आणि ३ टक्के एकरंगी 'नॉइज'. मूळ फोटो ४००० वरून ६००० पिक्सेलला ताणलेला, म्हणून थोडा मऊ आणि दाणेदार होता. ब्रशचे ठसे त्याहून स्वच्छ राहिले तर वेगळे पडतात.

पोरांचे पांढरे सदरे ओले दाखवायला 'वेट एजेस' चालू केलेला साधा खडबडीत ब्रश मल्टिप्लायवर पुरला. त्यात विशेष काही नाही.

छपाईत काय निघालं

पूर्ण २०० चौरस फूट छापण्याआधी फाइलमधले ६०० बाय ६०० पिक्सेल कापून २ बाय २ फुटांचा नमुना त्याच फ्लेक्सवर काढला. दोन गोष्टी कळल्या. एक, गुलाबी स्क्रीनवर पेटलेला होता तो छपाईत विटकरीकडे झुकला. कंट्रोल-शिफ्ट-वाय ने 'गॅमट वॉर्निंग' लावल्यावर अर्धा पडदा करडा झाला, म्हणजे तो रंग शाईच्या आवाक्यात नव्हताच. आधी सगळे लेयर एकत्र करून मग सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) नेलं. लेयर तसेच ठेवून बदललं तर स्क्रीन आणि मल्टिप्लायचा हिशेब नव्या रंगपद्धतीत वेगळा लागतो आणि चित्र बदलतं. मग 'सिलेक्टिव्ह कलर' ने मॅजेंटा ९५ च्या आसपास धरून पिवळा २५ च्या आत आणला. विटकरी झाक पिवळ्यानेच येत होती.

दुसरी गोष्ट स्क्रीनवर कोणाच्याच लक्षात आली नव्हती. नमुन्यात दुसऱ्या पोराचा चेहरा आला होता आणि त्यावर पडलेले गुलाबी थेंब लांबून गोवर उठल्यासारखे दिसत होते. चेहऱ्यावरचे सगळे थेंब मास्कने काढले, केसांच्या कडेला आणि खांद्यावर तेवढे राहिले. मंडळाच्या नावाच्या अक्षरांवरचेही काढले. 'मं' वर आणखी एक अनुस्वार पडला होता.

जतन

'डिफाइन ब्रश प्रीसेट' फक्त ठसा साठवतं. नंतर लावलेलं स्कॅटर, फेड, जिटर हे दुसरा ब्रश उचलताच जातं. म्हणून मांडणी पक्की झाल्यावर पॅनेलच्या मेनूतून 'न्यू ब्रश प्रीसेट' घेऊन तो पुन्हा वेगळ्या नावाने ठेवायचा, 'कॅप्चर ब्रश साइज' आणि 'इन्क्लूड टूल सेटिंग्ज' ला टिक करून. पॅनेलमधली छोटी कुलुपं उघडी आहेत ना, तेही बघायचं. एखाद्या विभागाचं कुलूप लागलेलं राहिलं तर या ब्रशचं स्कॅटर पुढच्या प्रत्येक ब्रशला चिकटतं आणि साधा गोल ब्रशही शिंतोडे उडवायला लागतो.

निवडलेले ब्रश 'एक्सपोर्ट' करून एबीआर (फोटोशॉप ब्रशांची) फाइल झाली. ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांना ही फाइल गिंप या मोफत प्रोग्राममध्ये उघडता येते, पण तिथे फक्त ठसा पोचतो, चाल पोचत नाही, ती पेंट डायनॅमिक्समध्ये नव्याने लावावी लागते. गिंपची एक गोष्ट मात्र या कामाला फोटोशॉपपेक्षा सरस आहे. त्याच्या जीआयएच प्रकारच्या ब्रशमध्ये वेगवेगळे अनेक थेंब एकाच ब्रशात भरता येतात आणि दर ठशाला त्यातला कोणताही एक निघतो. फोटोशॉपच्या एका ब्रशात मुख्य ठसा एकच, फार तर ड्युअल ब्रशने दुसरा त्यावर कापायला.

'इन्क्लूड कलर' ची टिक मात्र मुद्दाम काढून ठेवली. हेच ब्रश उद्या शेजारच्या चौकातल्या रहाडीला लागणार आणि तिचा रंग वेगळा.